कारकिर्दीची कीर्द: आइस डान्सच्या राष्ट्रीय विजेतीचा हिशेब कसा मांडायचा

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीला, रेवाला, शाळेचा प्रकल्प होता: आवडत्या खेळाडूची कारकीर्द. वर्गातल्या बहुतेक मुलींनी स्मृती मानधना घेतली, मुलांनी नीरज चोप्रा. रेवा चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकते, म्हणून तिने घेतली अमेरिकेची आइस डान्सर, म्हणजे बर्फावर जोडीने नाचणारी, मॅडिसन चॉक. पुठ्ठ्यावर फोटो चिकटवला आणि खाली तीन ओळी लिहिल्या. राष्ट्रीय विजेती. जागतिक विजेती. ऑलिम्पिक सुवर्ण. मग पेनाला टोपण लावत म्हणाली, "आजी, झालं."

झालं कसलं! मी छत्तीस वर्षं फोर्टात, विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली. मागे कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नसताना नुसत्या शिल्लकेवर सही करायची आम्हाला सवय नाही. मग आम्ही दोघी मुलुंडच्या घरात चार दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि त्या तीन ओळींची खतावणी मांडली. ती कशी मांडायची ते इथे सांगते. खेळाडू कुणीही घ्या, रीत तीच.

आधीच कबूल करते: मी बर्फावर एकदाच उतरले आहे, ऑफिसच्या सहलीत, आणि तेव्हा कठडा एक मिनिटही सोडला नाही. म्हणजे जे सांगते ते सगळं काठावरून.

वही आखताना

लांब फुलस्केप वही घ्या, आडवी धरा. सहा रकाने: सीझन, जोडीदार, प्रशिक्षक आणि गाव, राष्ट्रीय स्पर्धा, जागतिक स्पर्धा किंवा ऑलिम्पिक, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. आम्ही तो अरुंद ठेवला आणि नंतर कागद चिकटवत बसलो.

पहिली चूक सीझनमध्ये होते. आपलं आर्थिक वर्ष जसं १ एप्रिलला सुरू होतं, तसं स्केटिंगचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. शरद ऋतूत ग्रां प्री नावाची स्पर्धांची मालिका, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीत, ऑलिम्पिक फेब्रुवारीत, जागतिक स्पर्धा मार्चच्या सुमारास. म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरातली ग्रां प्री आणि २०१५ च्या जानेवारीतली राष्ट्रीय स्पर्धा एकाच ओळीत येतात. कॅलेंडर वर्षाने लिहाल तर दोन वेगळे नाच एका ओळीत कोंबाल, कारण जोड्यांचा नाच साधारणपणे सीझनबरोबर बदलतो.

जोडीदाराचा रकाना आधी भरा

पदकं नंतर. आधी कोण कुणाबरोबर हे लिहा. हा खेळ संयुक्त खात्याचा आहे. एकाने खातं बंद केलं की दुसऱ्याची शिल्लक जवळजवळ शून्यावर येते, मग तो कितीही कसलेला असो.

चॉकच्या नावापुढे आम्हाला आधी ग्रेग झुर्लाइन सापडला. त्याच्याबरोबर ती २००९ मध्ये ज्युनियर जागतिक विजेती झाली. तिचा पुढचा जोडीदार इव्हान बेट्स, त्याच्या नावापुढे एमिली सॅम्युएलसन. ते दोघं २००८ चे ज्युनियर जागतिक विजेते, आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये अकरावे. त्यानंतर काही महिन्यांनी सरावात जोडीदारणीच्या स्केटचं पातं बेट्सच्या टाचेमागच्या शिरेवर आलं आणि शीर तुटली. अख्खा सीझन कोरा. २०११ मध्ये चॉक आणि बेट्स एकत्र आले. म्हणजे ज्युनियर जगज्जेतेपद मिळवलेली दोन माणसं पुन्हा पहिल्या पायरीवर.

रेवाने विचारलं, "पण चांगले होते ना दोघं? मग लगेच का नाही जिंकले?" मी तिला तिच्याच क्लासमधल्या जोडीची आठवण करून दिली. आधीचा मुलगा पुण्याला गेल्यावर नवीन मुलाबरोबर साधं हात धरून वळण घ्यायला त्यांना एक पावसाळा लागला. (पावसाळा अशासाठी की काँक्रीटच्या रिंकवर शेवाळं धरतं आणि क्लास सभागृहात भरतो, फरशीवर, चपला घालून.) गुडघा किती वाकतो, कोण किती जोरात ढकलतं, उंचीचा फरक किती, हे सगळं नव्याने जुळवायचं असतं. परदेशात जोडीदार शोधायला ट्रायआउट ठेवतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांची आठवण आली मला. फक्त इथे पत्रिकेऐवजी वळणं जुळवतात.

इथेच नागरिकत्वाचीही नोंद करा. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धांत दोघांपैकी एक त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिम्पिकला दोघांनाही नागरिकत्व लागतं. टॅनिथ बेल्बिन कॅनडात जन्मलेली, अमेरिकेची राष्ट्रीय विजेती २००४ पासून, पण नागरिकत्व मिळालं २००५ च्या अगदी शेवटी. दोनच महिन्यांनी तुरिनला बेन अगोस्टोबरोबर तिने रौप्य मिळवलं. शेऱ्याचा रकाना रुंद का ठेवायचा ते अशा वेळी कळतं.

राष्ट्रीय रकाना, म्हणजे खिडकीची जागा

आता मुख्य काम. चॉक आणि बेट्स यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतली ओळ अशी उतरली: २०१३ दुसरे, २०१४ दुसरे, २०१५ पहिले, २०१६ दुसरे, २०१७ दुसरे, २०१८ तिसरे, २०१९ दुसरे, २०२० पहिले, २०२१ दुसरे, आणि २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग पहिले.

नुसते आकडे वाचले तर वाटेल, २०१५ ला चमकले आणि मग घसरले. म्हणून प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात लिहा: त्या वर्षी आणखी कोण होतं?

मुंबईकराला हे समजवायला लोकल पुरते. गर्दीच्या गाडीत खिडकीची जागा दोन प्रकारे मिळते. एक, बसलेला माणूस उतरतो आणि तुम्ही आधीच त्याला "कुठे उतरणार?" विचारून ठेवलेलं असतं. दुसरी, गाडी यार्डातून येताच तुम्ही धावत चढता आणि धक्काबुक्कीत ती मिळवता. जागा तीच, पण मिळण्याची कथा वेगळी.

२०१४ पर्यंत खिडकीत मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट बसले होते. २००९ ते २०१४ सलग सहा विजेतेपदं, शेवटी सोचीचं ऑलिम्पिक सुवर्ण. ते उतरले आणि २०१५ ला चॉक-बेट्स बसले. पण पुढच्याच वर्षी शिबुतानी भावंडांनी, माया आणि अ‍ॅलेक्सने, जागा घेतली, दोन वर्षं. मग मॅडिसन हबेल आणि झॅकरी डोनोह्यू, दोन वर्षं. (दोन्ही जोड्यांत मॅडिसन! रेवाने २०१८ चं सुवर्ण भलत्याच मॅडिसनच्या खात्यात जमा केलं होतं. नेहमी आडनावाने लिहा.) २०२० चं विजेतेपद मात्र कुणी उतरल्यामुळे आलं नाही. हबेल-डोनोह्यू हजर होते, खेळत होते, आणि त्यांना मागे टाकून ते मिळालं. माझ्या हिशेबात २०१५ पेक्षा २०२० चा पहिला क्रमांक मोठा. रेवाला हे पटलेलं नाही. ती म्हणते पहिला तो पहिला. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी खूण: राष्ट्रीय निकाल आणि बाहेरचा निकाल शेजारी ठेवा. २०१८ ला अमेरिकेत हबेल-डोनोह्यू पहिले, शिबुतानी दुसरे, चॉक-बेट्स तिसरे. महिन्याभराने प्याँगचँगच्या ऑलिम्पिकला शिबुतानींना कांस्य, हबेल-डोनोह्यू चौथे. राष्ट्रीय विजेते आपल्याच उपविजेत्यांच्या मागे. २०२२ ला पुन्हा तसंच: देशात चॉक-बेट्स पहिले, बीजिंगला मात्र हबेल-डोनोह्यूंना कांस्य आणि चॉक-बेट्स चौथे. एका ऑलिम्पिकचा योगायोग म्हणता येईल. सलग दोनदा झालं की 'राष्ट्रीय विजेता' या शब्दावर किती भार टाकायचा ते आपण आपलं ठरवावं.

उलटही असतं. ज्या देशात एकच सीनियर जोडी आहे, तिथे ती दर वर्षी राष्ट्रीय विजेती असते. त्यात तिचा दोष नाही, पण तुमच्या वहीत तिथे 'एकच जोडी' असं लिहिलेलं असावं. आणि अमेरिकेत तिसरं येणं म्हणजे हरणं नव्हे. जागतिक स्पर्धेला एका देशाच्या जास्तीत जास्त तीन जोड्या जातात. ती तीनाची संख्या आदल्या वर्षीच्या निकालावर ठरते: दोन जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी भरली तर तीन जागा, २८ पर्यंत दोन. म्हणजे कुणीतरी आदल्या वर्षी चांगलं नाचलं म्हणून २०१८ च्या तिसऱ्या जोडीला विमानाचं तिकीट मिळालं.

राष्ट्रीय स्पर्धेचे गुण मात्र आंतरराष्ट्रीय विक्रमात धरत नाहीत. घरचे परीक्षक हात जरा सैल सोडतात, असं माझं बरीच वर्षं पाहून झालेलं मत. ते गुण वहीत पेन्सिलीने लिहा. आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकालाही पदक देतात, प्यूटर नावाच्या करड्या धातूचं. ते पाहून 'चौथं पदक कसं' म्हणून गोंधळू नका.

गुणपत्रक

हा भाग लोक टाळतात आणि मला सगळ्यात आवडतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निकालाच्या पानावर प्रत्येक जोडीचं सविस्तर गुणपत्रक फुकट मिळतं. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. छापून घ्या, मोबाइलवर डोळे फुटतात.

आइस डान्समध्ये दोन फेऱ्या: ऱ्हिदम डान्स, साधारण २ मिनिटं ५० सेकंदांचा, आणि फ्री डान्स, ४ मिनिटांचा. प्रत्येक घटकाची एक ओळ. डावीकडे घटकाचं नाव आणि त्याची लेव्हल, जास्तीत जास्त चार. मग मूळ किंमत. मग परीक्षकांनी गुणवत्तेसाठी दिलेले उणे पाच ते अधिक पाच. उजवीकडच्या टोकाला त्या ओळीची बेरीज. लेव्हल परीक्षक ठरवत नाहीत. ती तांत्रिक मंडळ ठरवतं, लागलं तर व्हिडिओ पुन्हा पाहून. म्हणजे माल किती आला ते गोदामवाला सांगतो आणि मालाचा दर्जा परीक्षक.

नऊ परीक्षकांच्या आकड्यांचं काय होतं? समजा एका ओळीत ३, ४, ३, ५, ३, ४, २, ४, ४ असं आहे. सगळ्यात मोठा ५ आणि सगळ्यात लहान २ काढून टाका. उरलेल्या सातांची बेरीज २५, सरासरी ३.५७. एखाद्याने लाडाने ५ दिले किंवा रागाने २, तर ते गळून पडतात. रेवाला हे इतकं आवडलं की घरातल्या पुरणपोळीला तिने याच पद्धतीने गुण लावले. माझे स्वतःचे ५ गळाले.

आता एक बारकावा. ट्विझल (एका पायावर सरकत घेतलेल्या गिरक्या) आणि एका पायावरच्या स्टेप्सची लेव्हल बाई आणि बुवा यांना वेगवेगळी मिळते. संयुक्त खात्यात ही दोन पोटखाती. एकाला चार आणि दुसऱ्याला दोन असं सीझनभर दिसलं तर जोडीचं दुखणं कुठे आहे ते कळतं, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक का बदलला तेही. ही एक गोष्ट शिकलात तरी वहीचे पैसे वसूल.

खालच्या चौकटीत तीन आकडे: रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य, प्रत्येकी दहापैकी. त्याखाली वजावट. पडलं की एक गुण. उचल, म्हणजे जोडीदाराला उचलून धरणं, ठरल्यापेक्षा लांबली की एक गुण. साधी उचल ७ सेकंदांची, जोड-उचल, म्हणजे दोन उचली जोडून, १२ सेकंदांची. मी फोनच्या स्टॉपवॉचवर मोजते आणि तांत्रिक मंडळाच्या आधी ओरडते.

जुन्या आणि नव्या गुणांची तुलना करू नका. २००४ पर्यंत सहापैकी गुण देत. १९८४ ला साराएव्हो ऑलिम्पिकमध्ये जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांना कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा दिले. आजचे जगज्जेते दोनशे वीसच्या वर जातात. म्हणून आजचे मोठे झाले का? १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले. माल तेवढाच. २०१८ ला गुणवत्तेची पट्टी उणे तीन-अधिक तीनवरून पाचावर नेली, तेव्हा संघटनेनेच जुने विक्रम बंद करून नवी पानं उघडली. तुम्हीही तिथे वहीत लाल रेघ मारा. (जाता जाता: टॉरव्हिल बाई नॉटिंगहॅमला विमा कार्यालयात कारकून होत्या. हे वाचल्यावर माझा या खेळाशी घरोबा झाला. मी मात्र त्याच खुर्चीत राहिले.)

बघायचं कसं

वही कोरडी वाटली तर व्हिडिओ लावा. ज्युनियर ग्रां प्री संघटनेच्या यूट्यूब चॅनलवर फुकट दिसते. तिथून सुरुवात करा, कारण पाच-सहा वर्षांनंतरचे राष्ट्रीय विजेते तिथे पडताना दिसतात.

पहिल्यांदा फक्त पाय बघा, चेहरा नको. इथे जोडी स्केटिंगसारखं बाईला हवेत भिरकावत नाहीत, दोन-तीन गिरक्यांच्या उड्या नाहीत. सगळी परीक्षा पात्याच्या कडेची. ट्विझल म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकणं. फुगडीसारखं जागेवर नव्हे, सरकत. दोघांमधलं अंतर गिरक्या संपेपर्यंत तेवढंच राहतं का ते बघा. गती अर्धी करून बघितलंत तर अवघडलेला खांदा दिसतो. फुगडी हवी असेल तर ती डान्स स्पिनमध्ये आहे: दोघं एकमेकांना धरून एकाच अक्षाभोवती, प्रत्येक जण एका पायावर. २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये चॉक आणि बेट्स याच जागी, स्पिनमध्ये शिरताना, एकमेकांत अडकून पडले आणि नववे आले.

ऱ्हिदम डान्सचा दर वर्षीचा ठरवून दिलेला विषय शेऱ्यात लिहा. २०२३-२४ ला ऐंशीचं दशक होतं, त्याआधी लॅटिन. विषय न बघता 'यंदा फिके वाटले' असं म्हणणं म्हणजे एकादशीच्या ताटाला तिखट नाही म्हणणं. २००९-१० ला ओरिजिनल डान्स नावाची फेरी असायची आणि विषय होता लोकनृत्य. तेव्हा डेव्हिस आणि व्हाइट हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचले, घागरा-चोळीच्या धाटणीचा वेश, हातांच्या मुद्रा आणि सगळं. व्हँकुव्हरचं रौप्य मिळालं त्यात हाही नाच होता. रेवाच्या क्लासमधल्या मुलींनी तो टेरेसवर बसवायचा प्रयत्न केला. पाण्याच्या टाकीजवळ वळण बसेना.

आपल्या बाजूची एक नोंदही वहीत हवी. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत आर्टिस्टिक रोलर स्केटिंगच्या जोडी प्रकारात अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी भारताला कांस्य मिळवून दिलं. बर्फावर नव्हे, चाकांवर. आमच्याकडे ते पान पहिलं आहे.

कोऱ्या जागा आणि दुरुस्त्या

जिथे निकाल नाही तिथे रेघ ओढून पुढे जाऊ नका, कारण शोधा. २०१८ च्या शरदात चॉक-बेट्सची ग्रां प्री कोरी आहे: तिच्या घोट्याची शस्त्रक्रिया. त्याच वर्षी ते मिशिगन सोडून माँट्रियलला गेले, जिथे हबेल-डोनोह्यूही सराव करत. ज्यांनी खिडकी घेतली त्यांच्याच शेजारी रोज सकाळी उभं राहायचं! परतल्यावर फेब्रुवारी २०१९ ला फोर कॉन्टिनेंट्स, म्हणजे युरोपबाहेरच्या देशांची स्पर्धा, जिंकली. २०२० ची जागतिक स्पर्धाही कोरी, ती कोविडमुळे रद्द झाली. जागतिक रकान्यात २०१५ ला दुसरे, २०१६ ला तिसरे असलेले हे दोघं पहिले आले थेट २०२३ ला, आणि मग २०२४, २०२५ ला पुन्हा. पहिल्या रौप्यापासून पहिल्या सुवर्णापर्यंत नऊ ओळी. त्या नऊ ओळी रेवाने स्वतःच्या हाताने लिहिल्या. तेव्हा पहिल्यांदा ती म्हणाली, "बापरे."

शेवटची नोंद सगळ्यात किचकट, आणि तिच्यावरूनच आमची तिसरी ओळ चुकीची ठरली असती. रेवाने लिहिलं होतं 'ऑलिम्पिक सुवर्ण'. फेब्रुवारी २०२२ च्या पानावर तुम्हाला ते सापडणार नाही. तिथे सांघिक स्पर्धेत अमेरिका दुसरी आहे. त्या स्पर्धेतला फ्री डान्स चॉक-बेट्सनी जिंकला होता, ऱ्हिदम डान्स हबेल-डोनोह्यूंनी. पण रशियाच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक प्रकरण निघालं आणि पदकं वाटलीच नाहीत. जानेवारी २०२४ ला निर्णय लागला, अमेरिकेचं रौप्य सुवर्ण झालं, आणि पदक गळ्यात पडलं ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये, उन्हाळी ऑलिम्पिक चालू असताना. आमच्या खात्यात याला मागील वर्षाची दुरुस्ती नोंद म्हणतात. मूळ ओळ खोडायची नाही. २०२२ समोर 'रौप्य' तसंच ठेवायचं, शेजारी तारीख घालून 'सुवर्ण' लिहायचं आणि दोन्हीखाली सही.

रेवाने पुठ्ठ्यावर तसंच लिहिलं, दोन तारखांसह. बाईंनी त्याखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. रेवा वही घेऊन पुन्हा शाळेत गेली.